वीस नंबरची तार

३ फेब्रुवारी

तुझी आठवण येते म्हणून हे पत्र लिहीत नाही. तारेचं विचारायचं आहे.

पलंगाखाली तू जो पत्र्याचा डबा ठेवून गेलीस तो मी उघडला. उघडणार नव्हते. मुलगा म्हणाला, "आई, तो डबा भंगारवाल्याला दे, उगीच पायात येतो." म्हटलं देते. खाली भंगारवाला ओरडत होता. मी डबा घेऊन जिन्यापर्यंत गेले, आणि म्हटलं आत काय आहे ते तरी बघू. मी बघत बसले आणि भंगारवाला निघून गेला. आता डबा खिडकीत आहे. मुलाने पाहिला आणि वळसा घालून गेला.

पत्ता शिंपीणबाईकडून घेतला. तिला रागावू नकोस. ती देत नव्हती, पण मी तिच्या मशीनसमोरचं स्टूल अडवून बसले, गिऱ्हाइकं उभी राहिली, मग दिला. फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी मी ओरडलेच असते, तेव्हा हेच बरं.

तर तार. डब्यात तांब्याची वेटोळी होती, केसासारखी बारीक. त्यातली एक घेतली, निळे मणी ओवले, टोकाला आकडा केला. गळ्यात घालून खाली पाणी भरायला गेले, वाकले आणि सगळे मणी जिन्यावर. आकडा उघडला होता. मग तारेच्या दुकानात गेले. म्हटलं, जाड तार दे.

"कुठला नंबर?"

"चांगला मोठा दे. अठ्ठावीस दे."

त्याने दिली ती तुझ्या तारेपेक्षाही बारीक. मी म्हटलं, मला काय आंधळी समजतोस? तर म्हणतो, "बाई, नंबर मोठा तशी तार बारीक." कुणी ठरवलं असं? "मी जन्मायच्या आधी ठरलंय," म्हणतो, "माझ्यावर कशाला चिडता?"

आकड्याला कुठला नंबर लागतो तेवढं कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आता पान उरलं आहे म्हणून लिहिते. तुमचे सोडचिठ्ठीचे कागद होऊन वर्ष होत आलं. नवराबायकोचं पटलं नाही, ते तुमचं तुम्ही बघितलंत, मी मध्ये पडले नाही. पण मी लाँड्रीतून घरी आले आणि दारात तुझ्या चपला नव्हत्या. मला सांगून गेली असतीस तर मी काय उंबऱ्यात आडवी पडणार होते? तुझं त्याचं काय झालं ते मला कळलं. तुझं माझं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही.

तारेचा नंबर कळव.


११ फेब्रुवारी

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

तोपर्यंत मी तुझ्याच तारेवर हात बसवते आहे. माझ्या हातांना ताकद फार. इतकी वर्षं ओल्या चादरी पिळल्या आणि इस्त्र्या ओढल्या. तार हातात आली की हातांना वाटतं चादर आली. पक्कड दाबली की तारेवर दात उमटतात, उंदराने कुरतडल्यासारखे. शिंपीणबाईने पकडीच्या तोंडाला कापडी पट्टी गुंडाळून दिली. आता दात उमटत नाहीत. आणि वाकडी झालेली तार सरळ करायला गेलं, परत वाकवली, परत सरळ केली, की ती आधी ताठ होते आणि मग तुटते. पहिल्यांदा वाकवली तेव्हा लोण्यासारखी होती. यातून काही अर्थ काढत बसू नकोस, मी तारेबद्दलच बोलते आहे.

दुपारी लाँड्रीतून आले की खिडकीत बसते. समोरच्या गच्चीवरून ऊन उतरतं, आधी भिंतीवर, मग खिडकीच्या कठड्यावर, मग थेट माझ्या मांडीवर. तेव्हा तांब्याला काय होतं गं? ते पेटत नाही, तापतही नाही, पण आतून कुणी तरी दिवा वर केल्यासारखं दिसतं. मी बघत राहते. गॅसवर दूध असतं आणि मी बघत राहते. दोनदा उतू गेलं. मला काय झालं आहे कळत नाही, मी अशी बाई नव्हते.

काल बसल्या बसल्या डोळा लागला. वेटोळं हातातच होतं. ते सुटलं आणि खिडकीतून बाहेर गेलं, रस्त्यावरून, विजेच्या खांबांच्या वरून, गच्च्यांवर वाळणाऱ्या कपड्यांमधून, आणि कुठेही अडकलं नाही. मी इकडून सोडत होते आणि पलीकडून कुणीतरी हळूहळू ओढत होतं. घाई न करता. मला घाई होती, तरी मी ओढलं नाही, कारण मला माहीत होतं, ओढलं तर तुटेल. जाग आली तेव्हा बोटांवर हिरवा डाग होता. तांब्याचा. साबणाने गेला.


२ मार्च

पुडकं मिळालं.

त्यात पत्र नाही हे मी पाहिलं. उलटंसुलटं करून पाहिलं, कागद उजेडात धरून पाहिला. तांब्याचं एक वेटोळं, दोऱ्याने तीन जागी बांधलेलं, आणि त्याला चिकटवलेली चिठ्ठी. तिच्यावर नुसतं "२०". तुझं शून्य अजून तसंच, वरून उघडं.

मी फार काही खूश झाले नाही. शिंपीणबाईला दाखवायला गेले ते तिच्याकडे काम होतं म्हणून.

वीस नंबर बरोबर आहे. वाकतो आणि वाकल्यावर तसाच राहतो. पहिल्याच दिवशी त्याचे कानातले आकडे केले. दोन्ही तुकडे एकदम कापायचे हे माझं मीच शोधलं. आधी मी एक पूर्ण करायचे आणि मग दुसरा, तर ते सावत्र भाऊ दिसायचे. पेनाच्या नळीवर वळवले. मग ठोकायला लोखंड हवं, तर लाँड्रीतली मोडकी इस्त्री आणली, उलटी ठेवली, तिच्या पाठीवर हळू ठोकले. हळू म्हणजे माझं हळू. एक आकडा चपटा झाला, पानासारखा. दुसराही मग तसाच केला.

घालून आरशात बघितलं. आरशातली बाई माझ्याकडे बघत होती, जरा लांबून, कुठल्या तरी गावाला निघाल्यासारखी. मी विचारलं, कुठे चाललीस?

घरात एक बाई येते. तुला कळलंच असेल, शिंपीणबाईच्या पोटात काही राहत नाही. चष्म्याच्या दुकानात काम करते आणि स्वतःही जाड चष्मा लावते. मी तिला मनात चष्मेवाली म्हणते. मला मावशी म्हणते. आली की आधी भांडी विसळते, मग बसते. ती आवडू नये म्हणून मी फार प्रयत्न केला. जमलं नाही. आता खोटं कशाला लिहू.

मुलाचं तिच्याशी लग्न ठरलं आहे. पुढच्या महिन्यात. मोठं काही नाही, कचेरीत सह्या आणि घरी जेवण.


९ मार्च

घाईचं आहे, लगेच उत्तर दे.

चष्मेवालीने माझ्या कानातले पाहिले. चष्मा काढून, अगदी कानाशी नाक आणून पाहिले. म्हणाली, "मावशी, हे तुम्ही केलेत? खरंच?"

"मग काय, झाडाला लागले?"

"मला कराल का? लग्नात घालीन."

मी म्हटलं बघते. मुलगा तिथेच बसला होता, तो पेपरात शिरला.

आता सांग. तुझी तार आहे. तुझ्या तारेतून तिचे कानातले करू का? तू नाही म्हणालीस तर मी करणार नाही. तिला सांगेन डोळे दुखतात. तू हो म्हणालीस तर करीन. पण तू काहीतरी म्हण.


१४ मार्च

म्हण गं.


२० मार्च

आज फक्त स्वप्न लिहिते, दुसरं काही नाही.

लाँड्रीत वाफ फार होती. वाफेत माणसं दिसत नाहीत, नुसते आवाज येतात, कुणाच्या बांगड्यांचे, कुणाच्या खोकल्याचे. मी उभ्या उभ्या इस्त्री फिरवत होते आणि चादरीवर सुरकुतीऐवजी तार दिसायला लागली. इस्त्री फिरवली की तार आणखी उजळायची. चादर संपेना. तिच्या दुसऱ्या टोकाला तू पाठमोरी बसली होतीस, कठड्यावर पाय सोडून, आणि चादरीतून तार उसवून घेत होतीस. शिवण उसवावी तशी. मी हाक मारली. तू वळली नाहीस, पण हात वर केलास, थांबा म्हणतात तसा.

मुकादम ओरडला तेव्हा चादर करपली होती.

थांबा म्हणजे किती?


२७ मार्च

तू काही बोलली नाहीस आणि मला थांबता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून मी तुझी तार बाजूला ठेवली. तिला हात लावला नाही. दुकानात गेले आणि दुसरी पांढरी, चकचकीत तार आणली, आरशासारखी. सुटी मिळते, खिळ्यांच्या शेजारी टांगलेली असते. म्हटलं नवीन सुनेला नवीन तार. तुझं तुला, तिचं तिला. यात कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

सुंदर झाले. खाली पांढरे मणी सोडले. हलले की पाणी हलल्यासारखं वाटायचं. ती घालून आरशासमोर उभी राहिली आणि मला एकदम भरून आलं, कुणासाठी ते कळलं नाही.


३० मार्च

वाईट झालं.

चष्मेवालीचे कान सुजले. आधी खाजले, मग लाल झाले, मग पाणी यायला लागलं. ती दोन दिवस कुणाला काही न बोलता घालून हिंडली. का, तर मावशीला वाईट वाटेल. मूर्ख पोरगी. शेवटी दुकानात मालकिणीने ओरडून काढायला लावले. लग्न आठवड्यावर आलं आणि तिचे कान असे.

मुलगा घरी आला. आला तो चपला न काढता आत आला. "आई, कसली तार होती ती?"

"तारेसारखी तार."

"घरात तिची तांब्याची तार होती, तिचे का नाही केलेस? तिच्या तारेला हात लावायचा नव्हता ना तुला?"

ते खरंच होतं. पण तो त्यातून भलतंच समजला.

"मुद्दाम केलंस तू," म्हणाला. "तुला ही नकोच होती. तुला अजून तीच हवी आहे."

हे त्याने ओरडून म्हटलं नाही. ओरडून म्हटलं असतं तर मी पण ओरडले असते आणि संपलं असतं. हळू म्हणाला. जिन्यावर शेजारी उभे होते, त्यांनीही ऐकलं. आता खाली पाण्याला गेले की बायका गप्प होतात. शिंपीणबाईसुद्धा म्हणाली, "तसं नाही गं, पण लोक म्हणतात." मी म्हटलं लोकांचे ब्लाऊज शिवताना त्यांची तोंडंही शीव.

पोरी, मी मुद्दाम केलं नाही. हे मी त्याला सांगू शकते, पण त्याला पटणार नाही. तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "नाही हो मावशी, माहीत आहे मला." पण जाताना नेहमीसारखी गालाला हात लावून गेली नाही. नुसती गेली.

ती येईल या घरात. मग मी तिच्या चहात साखर घातली तरी ती आधी माझ्याकडे बघेल. तशा घरात कसं राहायचं? एक सून न सांगता गेली, दुसरी घाबरत येणार. मला सांग, माझं काय चुकलं? तारेत चुकलं की हातात? माझ्यावर राग काढू नकोस, नीट सांग. तू हे काम करतेस. तुला माहीत असेल.

खिडकीत बसवत नाही. तांब्याकडे बघितलं तर ते नुसतं तांबं दिसतं.


४ एप्रिल

पोस्टमन आज स्वतः जिना चढून वर आला. म्हणाला, "घ्या बाई, आता मला सोडा."

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. मग शिंपीणबाईकडून वाचून घेतलं, कारण तू जोडाक्षरं फार घालतेस.

म्हणजे त्या तारेवरचा पांढरा मुलामा वाईट. तो सगळ्यांना बाधत नाही, काहींना बाधतो. नवशिके सगळे एकदा तरी हीच तार आणतात म्हणतेस. तूही आणली होतीस आणि तुझा स्वतःचाच कान महिनाभर सुजला होता. मग तेव्हा मला दाखवला का नाहीस? मी हळद लावली असती. म्हणजे तेव्हाही मला सांगितलं नव्हतंसच.

चांदीची तार मिळाली. वीस नंबर, मऊ. कान पूर्ण बरे होईपर्यंत काही घालायचं नाही, लग्नातही नाही. टोक कानशीने घासून गोल करायचं, ओठाला लावून बघायचं, टोचलं तर परत घासायचं. हे तू मला आधीच सांगायला हवं होतंस, पण असू दे.

आणि आत दुसऱ्या कागदाची घडी होती, वर लिहिलेलं "त्यांच्यासाठी". मी वाचणार नव्हते. वाचली.

संध्याकाळी चष्मेवाली आली. मुलगाही होता. मी म्हटलं, हे तुझ्यासाठी आलं आहे, घे. तिने चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं. तुझे शब्द मला पाठ झाले आहेत: "आईंनी हे मुद्दाम केलेलं नाही. मी त्यांच्याबरोबर राहिले आहे. मुद्दाम काही करायला आधी थांबावं लागतं, विचार करावा लागतो, आणि आईंना तेवढा धीर कधीच नव्हता. कानांची काळजी घ्या."

मग चष्मेवालीला हसू आलं. तिने दाबलं, तर आणखी आलं, चष्म्याच्या काचा धुरकटल्या. मुलगा म्हणाला, "बरोबर लिहिलं आहे." मग तोही हसला, तोंड वळवून. इतक्या दिवसांनी घरात त्याचा तो आवाज ऐकला. मला राग यायला हवा होता. माझ्या घरात बसून माझ्यावर हसतात म्हणजे काय! पण मी चहा टाकायला गेले आणि ओट्याशी किती तरी वेळ तशीच उभी राहिले. गॅस लावायचाच राहिला होता.


१३ एप्रिल

लग्न झालं. ती मोकळ्या कानांनी उभी होती. चांगली दिसत होती. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "नवरी आणि कानात काही नाही?" तर ती म्हणाली, "बनतायत. सासूबाई करतायत." मावशी नाही म्हणाली. सासूबाई म्हणाली.

घरी जेवताना तिच्या भावाने विचारलं, हे तारेचं काम शिकलात कुणाकडून? मी म्हटलं, सुनेकडून. सगळे चष्मेवालीकडे बघायला लागले. तिने भाजी वाढता वाढता सांगितलं, "मी नाही हो, आधीच्या." आणि पुढे वाढत गेली. कुणाचा घास अडकला असेल तर अडकला.

आता ती दुपारी माझ्याजवळ खिडकीत बसते. चांदीची तार तिला दिली नाही, ती तिचे कानातले करायला ठेवली आहे. तिला तांबं दिलं, तू पाठवलेलंच. या वेळी विचारलं नाही. तिला गोल कडी येत नाही, अंड्यासारखी होते. मी ओरडते. ती म्हणते, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." ऊन मांडीवर येतं, रस्त्यावरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येतात, आणि असं वाटतं की आपण कुठल्या तरी गाडीत आहोत, ती चालली आहे आणि उतरायची कुणालाच घाई नाही. मलासुद्धा नाही. मग ती विचारते, "त्या कशा बसायच्या इथे?" मी दाखवते. पाय सोडून.

रविवारी मी तुझ्याकडे येते आहे. त्याला सांगितलं आहे. तो म्हणाला, "जा." मग थोड्या वेळाने म्हणाला, "विचारलं आहे म्हणून सांग." चष्मेवालीने तिकीट काढून आणलं. तू नको म्हणायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून शिंपीणबाईच्या जावयाच्या हाती देते आहे.

तुला परत न्यायला येत नाही. तुझं तिथलं काम बघेन, चहा घेईन आणि संध्याकाळच्या गाडीने परत. तुझ्या खोलीला किती जिने आहेत मला माहीत नाही. मला चढायला वेळ लागतो, तर बेल वाजली आणि लगेच कुणी दिसलं नाही तरी दार लावू नकोस.

मला एकच विचारायचं आहे. त्या घडीत तू दोनदा मला आई लिहिलं आहेस. इतके दिवस माझ्या पत्रांना तू नंबर पाठवलास, तार पाठवलीस, मला मात्र काहीच म्हटलं नाहीस. वरचं पत्रही एकदम "कान दुखत असतील तर" असं सुरू केलंस. मग त्या घडीत आई कुठून आलं? जुनी सवय म्हणून हातातून गेलं, की लिहायचं होतं म्हणून लिहिलंस?

सवयीने गेलं असेल, तर तसं सांगू नकोस.